कॅन्सरची औषधं मेंदूच्या आजारांसाठी वापरणं

एका आजारासाठी मंजूर झालेलं औषध दुसऱ्याच आजारावर वापरायचं याला ड्रग रिपर्पजिंग म्हणतात. मेंदूच्या आजारांत कॅन्सरच्या औषधांकडे लक्ष जातं कारण ती पेशींची वाढ आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्यावर काम करतात आणि इथेही बऱ्याचदा तिथेच गडबड झालेली असते, शिवाय माणसांवरची सेफ्टीची माहिती आधीच हातात असते.

सगळ्यात पक्कं यश मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएसमध्ये मिळालं. यात स्वतःच्याच प्रतिकारपेशी नसांवरचं आवरण खातात, त्यामुळे त्या पेशी कमी करणारी रक्ताच्या कॅन्सरची औषधं इथे चालतात. क्लॅड्रिबिन अमेरिकेत १९९३ मध्ये हेअरी सेल ल्युकेमियासाठी आलं, एमएससाठी त्याची गोळी युरोपात २०१० मध्ये नाकारली गेली आणि २०१७ मध्ये मंजूर झाली, दोन वर्षांत मोजकेच दिवस घ्यायची असते. मायटोझॅन्ट्रोनही २००० पासून एमएससाठी आहे पण ते हार्टला इजा करतं म्हणून आयुष्यभराच्या एकूण डोसवर मर्यादा असते. ट्युबरस स्क्लेरोसिस या आजारात जनुकातल्या दोषाने एमटॉर नावाची वाढीची यंत्रणा चालूच राहते, कॅन्सरवर वापरलं जाणारं एव्हरोलिमस नेमकी तीच दाबतं आणि २०१८ पासून अमेरिकेत त्यातल्या फिट्ससाठी बाकी औषधांच्या जोडीला दिलं जातं.

पार्किन्सन्स आणि अल्झायमरची गोष्ट मात्र वेगळी. ल्युकेमियाच्या निलोटिनिबबद्दल प्लासिबो गट (तुलनेसाठी खोटं औषध घेणारे पेशंट) नसलेल्या एका छोट्या अभ्यासावरून खूप आशा वाढली होती, मग ७६ पार्किन्सन्स पेशंटवर नीट ट्रायल झाली, मणक्यातलं पाणी काढून तपासलं तर रक्तात जेवढं औषध होतं त्याच्या ०.२ ते ०.३ टक्केच तिथे पोचलेलं, आणि फायदा काही दिसला नाही. माझ्या मते कुठल्याही नव्या बातमीत आधी हाच आकडा शोधावा, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा बहुतेक औषधांना आत येऊच देत नाही. त्वचेच्या लिम्फोमाच्या बेक्सारोटिनने २०१२ मध्ये उंदरांच्या मेंदूतले अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचे थर झपाट्याने साफ केल्याचं छापून आलं, पण पुढच्याच वर्षी बाकीच्या लॅबना थर कमी झालेले दिसलेच नाहीत.

२०२५ मध्ये अल्झायमरसाठी लेट्रोझोल (स्तनाच्या कॅन्सरचं) आणि इरिनोटेकन (आतड्याच्या कॅन्सरचं) ही जोडी पुढे आली, पहिलं चेतापेशींसाठी आणि दुसरं त्यांच्या आसपासच्या ग्लिया पेशींसाठी, आणि उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. पण इरिनोटेकनने जोरदार जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात, वयस्कर पेशंटला ते दीर्घकाळ द्यायचं तर डोस किती खाली आणायचा आणि तेवढ्यात काम होईल का हे माणसांवरच्या ट्रायलमध्येच कळेल.