के२० घ्यायचं की के२४? इंजिन विकत घेण्याआधी वाचा

टर्बो न लावता गाडीत होंडाचं के-सिरीज इंजिन बसवायचं ठरवलेला जवळजवळ प्रत्येक ग्राहक आम्हाला पहिल्यांदा हेच विचारतो : "दोन लिटरचं (के२०) घेऊ की दोन पॉइंट चारचं (के२४)? जास्त पॉवर कशात?" फोनवर एका वाक्यात याचं उत्तर देता येत नाही, आणि दिलंच तर त्यावर विसंबून कुणीतरी भलतंच इंजिन घेऊन येतं. म्हणून हे माहितीपत्रक. स्वॅप म्हणजे इंजिनबदल आणि व्हीटेक म्हणजे आरपीएमप्रमाणे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिलंय.

पॉवरचं आधी उरकून घेऊ. खरी निवड असते ती अ‍ॅक्युरा आरएसएक्स टाइप-एसमधलं के२०ए२ आणि अ‍ॅक्युरा टीएसएक्समधलं के२४ए२ यांच्यात. पहिलं २००२ च्या गाडीत आलं, दुसरं २००४ च्या. कंपनीने दोघांचीही पॉवर २०० एचपीच सांगितली होती. तेव्हा "जास्त कशात" हा प्रश्न इथेच संपतो. पॉवर किती यापेक्षा ती कुठे मिळते हे बघा.

के२०ए२ ला २०० एचपी ७४०० आरपीएमला मिळतात आणि सगळ्यात जास्त टॉर्क (ओढायचा जोर), साधारण १९३ न्यूटन-मीटर, ६००० ला. के२४ए२ ला तेच २०० एचपी ६८०० ला मिळतात, पण टॉर्क साधारण २२५ आणि तोही ४५०० लाच. हिशेब केलात तर के२४ए२ ४५०० आरपीएमला १४० एचपीच्या वर गेलेलं असतं. सिग्नल सुटल्यावर, चढावर, ओव्हरटेक करताना पाय ज्या रेंजमध्ये असतो ती हीच. के२० मध्ये तेवढ्याच कामाला एक गिअर खाली यावं लागतं. ज्यांना गिअर टाकायला आवडतं त्यांना ही तक्रार वाटतच नाही, आणि ५८०० ला व्हीटेक लागल्यावरचा आवाज एकदा ऐकला की माणूस टॉर्कचे आकडे विसरतो. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. आमच्याही मेस्त्रींमध्ये दोन पार्ट्या आहेत.

मग काही जण म्हणतात, के२४ घेतो आणि ८५०० पर्यंत फिरवतो, म्हणजे दोन्ही मिळालं. इथे थोडं गणित करा. के२० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ आणि स्ट्रोकही (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ८६ मिलिमीटर. के२४ चा बोअर ८७, पण स्ट्रोक ९९. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा तर स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम भागिले ६०. के२०ए२ ची रेडलाइन (फिरण्याची कमाल मर्यादा) ७९०० ला आहे, तिथे पिस्टन सेकंदाला साधारण २२.६ मीटरने पळतो. के२४ए२ ची ७१०० लाच आहे, तरी तिथे हा वेग २३.४ भरतो. म्हणजे कंपनीने सोडलेल्या मर्यादेतच के२४ जास्त ताणावर चालतंय. ते ८५०० ला नेलंत तर वेग २८ मीटरवर जातो, आणि रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर) येणारी ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ७१०० च्या मानाने साधारण ४३ टक्के जास्त येते. कंपनीचे रॉड आणि बोल्ट तसेच ठेवून हे करून मागणाऱ्याला आम्ही नाही म्हणतो. फोर्ज्ड रॉड, पिस्टन आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग घालून करायचं असेल तर जरूर बोलू, पण तो वेगळा जॉब आणि वेगळं बजेट.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. आमच्याकडचा सगळ्यात जास्त वेळ एकाच चुकीपायी जातो : इंजिन सीसी बघून विकत घेतलं जातं.

२३५४ सीसी लिहिलेलं प्रत्येक इंजिन के२४ए२ नसतं. २००३ ते २००५ च्या अकॉर्डमधलं के२४ए४ बघा. बोअर तोच, स्ट्रोक तोच, बाहेरून बघाल तर फरक सांगता येणार नाही, आणि पॉवर १६० एचपी. दोन लिटरवाल्यांची तीच गत. के२०ए३ दिसतं के२०ए२ सारखंच, पण त्याच आरएसएक्सच्या साध्या मॉडेलमध्ये ते १६० एचपीचंच होतं. ही चाळीस एचपीची तफावत मुख्यतः हेडमधली, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या, कॅम आणि व्हॉल्व्ह असलेल्या भागातली आहे. ए४ आणि ए३ चं हेड मायलेजसाठी बनवलेलं आहे. त्यात व्हीटेक फक्त इनटेकच्या बाजूला, आणि त्याचं काम इतकंच की कमी आरपीएमला बंदप्राय ठेवलेला एक इनटेक व्हॉल्व्ह वर गेल्यावर दुसऱ्याच्या जोडीने पूर्ण उघडायचा. वरच्या रेंजसाठी वेगळा मोठा लोब (व्हॉल्व्ह ढकलणारा कॅमवरचा उंचवटा) त्यात नाहीच. ए२ मध्ये तो आहे, इनटेकलाही आणि एक्झॉस्टलाही.

हे ओळखायला लॅपटॉप लागत नाही. प्लास्टिकचं कव्हर काढा, चारही कॉइल काढा, टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) नट दहाच्या पान्याने सोडवा आणि कव्हर उचला. इनटेक मॅनिफोल्ड ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध बाजूचा कॅम बघा, तो एक्झॉस्टचा. एका सिलिंडरवर लोब मोजा. तीन असतील, मधला बाजूच्या दोघांपेक्षा उंच, तर हेड तुम्हाला हवंय ते आहे. दोनच असतील तर विकणारा काहीही म्हणो, हे मायलेजवालं हेड आहे. खात्री करायची असेल तर इनटेकच्या कॅमवरही नजर टाका. मायलेजवाल्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या दोन लोबपैकी एक जवळजवळ गोलच दिसतो, नाक असं नसतंच त्याला.

ब्लॉकवर गिअरबॉक्सच्या जोडाजवळ इंजिनचा कोड ठोकलेला असतो. तो वाचाच, फोटोही काढा. पण कोड फक्त ब्लॉकचा, हे लक्षात ठेवा. वापरलेल्या इंजिनांची हेडं बदललेली असतात. ए२ च्या ब्लॉकवर ए४ चं हेड बसवून, वरून धुऊन-पुसून विकायला ठेवलेलं इंजिन आमच्या टेबलावर येऊन गेलेलं आहे. हेडच्या ओतकामातही तीन अक्षरं असतात : के२०ए२ वर पीआरबी, के२४ए२ वर आरबीबी, के२४ए४ वर आरएए. ती कोडशी जुळतात का बघा, आणि तरीही लोब मोजा.

यावरूनच आमच्या एका पद्धतीबद्दल कुरकुर होते, तिचा खुलासा करतो. तुम्ही इंजिन घेऊन आलात तरी टॅपेट कव्हर उघडून, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि लीक-डाउन (तो दाब किती गळतो) तपासल्याशिवाय आम्ही माउंटला हात लावत नाही आणि डिलिव्हरीची तारीखही देत नाही. "इंजिन समोर आहे, लागा ना कामाला," असं ऐकावं लागतं. पण कव्हर उघडायला तासभरही लागत नाही. चुकीचं हेड मात्र वायरिंग झाल्यावर, इंजिन गाडीत बसल्यावर, डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) आकडा येत नाही म्हणून कळलं, तर सगळं पुन्हा बाहेर काढायचं. तोवर तुमची गाडी लिफ्टवर अडकून, आणि मागच्या तिघांच्या गाड्या तिच्यामुळे खोळंबलेल्या. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो ते याचसाठी. काम आमच्याकडेच केलंत तर ते बिलातून वजा होतात.

चुकून के२४ए४ घेऊन बसला असाल तर हताश होऊ नका. ब्लॉक वाया जात नाही. त्यावर ए२ चं हेड चढवता येतं. पिस्टन कमी कॉम्प्रेशनचे असल्याने ए२ इतका जोर येणार नाही, पण रस्त्यावरच्या गाडीला ते पुरतं. याउलट २०१२ च्या सिव्हिक एसआयमधलं के२४झेड७ एनए (टर्बोविना) बिल्डसाठी घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्याचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं आहे, चार वेगळे पोर्ट बाहेर येतच नाहीत. टर्बो नसताना जो फायदा चांगल्या हेडरमधून (प्रत्येक पोर्टला वेगळी नळी असलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून) मिळवायचा, त्याचा रस्ताच तिथे बंद होतो.

के२४ चा ब्लॉक आणि त्यावर के२० चं हेड हा प्रकार बरेच जण विचारतात. चांगला आहे, आम्ही करतो. पण ही जोडी म्हणजे के२४ चा टॉर्क कायम ठेवून वरचा श्वास मोकळा करणं. ते के२० सारखं फिरणारं इंजिन होत नाही, स्ट्रोक ९९ चा ९९ च राहतो. टायमिंग चेन के२४ चीच लागते, कारण ब्लॉक उंच आहे. रेव्ह थोडी जरी वाढवायची असेल तर बॅलन्स शाफ्टवाला ऑइल पंप काढून के२०ए२ चा पंप घालावा. मोठे कॅम घातले तर व्हीटीसी (इनटेक कॅमचा कोन बदलणारी यंत्रणा) किती अंश फिरू द्यायचं तेही बांधून घ्यावं लागतं, नाहीतर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. ज्याने चेन, पंप आणि व्हीटीसी हे तीन शब्दही न उच्चारता तुम्हाला कोटेशन दिलं असेल त्याला एकदा विचारून बघा.

बसवण्यात काय फरक पडतो? उंचीचा. के२० च्या ब्लॉकची डेक (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची उंची) २१२ मिलिमीटर, के२४ ची २३१.५. हे साडेएकोणीस मिलिमीटर कुठेतरी जिरवावे लागतात : इंजिन वर ठेवलं तर बॉनेट घासतं, खाली घेतलं तर चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) रस्त्याच्या जवळ येतं. स्पीडब्रेकरची सवय असलेल्या गाडीला दुसरा पर्याय महागात पडतो. शिवाय के-सिरीजमध्ये एक्झॉस्ट मागे, फायरवॉलच्या बाजूला असतो, म्हणजे हेडरही या उंचीप्रमाणे बदलतो. म्हणून माउंट बनल्यानंतर "विचार बदलला, दुसरंच इंजिन घालू" म्हणालात तर माउंट, हेडर आणि कदाचित एक्सलचा कोनही नव्याने. ते काम आम्ही नव्यानेच मोजतो.

जुन्या सिव्हिकमधल्या बी-सिरीजचा गिअरबॉक्स वापरता येईल का, असंही विचारतात. नाही. बी-सिरीज उलट दिशेने फिरतं. गिअरबॉक्स के-सिरीजचाच हवा, आणि तो के२० ला लागतो तसाच के२४ लाही लागतो. फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधलं शेवटचं गुणोत्तर) मात्र विचारून घ्या. सुरुवातीच्या टाइप-एसच्या सहा गिअरमध्ये ती ४.३८९ आहे, दुसऱ्या काही बॉक्समध्ये ४.७६४. बाकी गिअर सारखे धरले तर त्याच वेगाला ४.७६४ वर इंजिन साधारण साडेआठ टक्के जास्त फिरतं. के२० ला हे आवडतं. हलक्या गाडीत के२४ सोबत ४.७६४ लावली की पहिला-दुसरा गिअर टायर जाळण्यात जातो आणि हायवेवर कान किटतात.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात : के२०ए२ ला केबलचा थ्रॉटल आहे, के२४ए२ ला इलेक्ट्रॉनिक. त्यामुळे पेडल, हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांचा मेळ आधी ठरवावा लागतो. ईसीयूत इमोबिलायझर असतो, इंजिनसोबत किल्ली आली नाही तर गाडी सुरूच होणार नाही. कनेक्टर कापून काढलेला हार्नेस स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. तो जोडत बसण्याची मजुरी अखंड हार्नेसच्या किमतीला मागे टाकते.

आम्हाला विचाराल तर रोज चालवायच्या गाडीत के२४ए२, कंपनीच्याच आतल्या पार्टवर, चांगला हेडर, चांगलं इनटेक आणि नीट ट्यूनिंग. ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला जाणार असाल, गाडी हलकी असेल आणि इंजिन सतत वर ठेवायची तुमची तयारी असेल तर के२०ए२. दोन्हींना चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, के२० ला जरा जास्तच, कारण कॉम्प्रेशन ११ आहे, के२४ए२ चं १०.५. नोंदणी आणि विम्याच्या कागदांवर इंजिनबदल दाखवायचा असतो. तुमच्या भागातला नियम काम सुरू करण्याआधी बघून घ्या, त्यासाठी लागणारं आमचं बिल आणि इंजिन नंबरचे फोटो आम्ही देतो.

इंजिन अजून घेतलं नसेल तर विकणाऱ्याकडून कोडचा, हेडवरच्या अक्षरांचा आणि टॅपेट कव्हर उघडून कॅमचा असे तीन फोटो मागवून आम्हाला पाठवा. फोटो बघायचे पैसे नाहीत. कव्हर उघडू देत नाही म्हणाला तर ते इंजिन सोडून द्या, दुसरं मिळतं. आणि घेतलंच असेल तर तेल काढून, डिग्रीजर मारून, चकाचक करून आणू नका. गळती कुठून आहे, कव्हरच्या आत किती गाळ जमलाय, चेंबरच्या तेलात चमकी दिसते का, हे आम्हाला बघायचं असतं. धुऊन आम्ही देतो.