नायट्रिकमध्ये टिकलं म्हणजे सोनंच? नाही हो!

दगड कुटून पावडर केली, पॅनमध्ये धुतली, तळाशी पिवळं काहीतरी चमकलं, मग नायट्रिक ॲसिड टाकायचं आणि विरघळलं नाही तर सोनं, हे ज्ञान वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते अर्धवट आहे. पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज, नायट्रिकमध्ये विरघळतं हे खरं, पण अभ्रक आणि क्वार्ट्झ (गारगोटी) पण तसेच राहतात की! आणि पिवळसर झालेलं अभ्रक ओलं असताना उन्हात असं चमकतं की भलेभले फसतात.

घरी ॲसिड उघडूच नका, त्या तपकिरी वाफा फुप्फुसाची वाट लावतात. त्यापेक्षा सुई घ्या. कण दाबला की सोनं चपटं होतं, पायराइटचा चुरा होतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. मग पॅन सावलीत धरा, सोनं तिथेही तेवढंच पिवळं दिसतं, अभ्रक मात्र विझल्यासारखं होतं. वजनाचं बघाल तर सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, पायराइटची जेमतेम ५ पट, म्हणून पाणी हलवलं की सोनं शेवटपर्यंत मागे चिकटून बसतं, काळ्या मॅग्नेटाइट वाळूच्याही मागे.

आता उलटी गंमत. पायराइट निघालं म्हणून सगळं फेकून देणारेही चुकतात. अमेरिकेत नेवाडातल्या कार्लिन पट्ट्यात सोनं आर्सेनिकवाल्या पायराइटमध्येच इतकं बारीक दडलंय की साध्या मायक्रोस्कोपखाली पण दिसत नाही, पॅनमध्ये तर सोडाच. तिथे सुई, ऊन, पॅन सगळं फेल, लॅबमध्ये ‘फायर अ‍ॅसे’ (नमुना भट्टीत वितळवून सोनं मोजायची चाचणी) करूनच कळतं.