तडितरोधकाचे विद्युत-संपर्क भाग

वीजवाहिनीवर आलेला क्षणिक जादा विद्युतदाब (व्होल्टेज) जमिनीत उतरवून रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) वाचवणारे साधन म्हणजे तडितरोधक. लाइनमनच्या तोंडी ते 'एलए'. बेळगाव-खानापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत खेडोपाडी ज्याला 'टीसी' म्हणतात, त्या रोहित्राच्या खांबावर तारेगणिक एक, अशी तीन एलए दिसतात. या नोंदीचा विषय त्यांतून विजेला वाट देणारे भाग हा आहे: आतल्या झिंक ऑक्साइडच्या चकत्यांची धातुलेपित तोंडे, त्यांमधले ॲल्युमिनियमचे ठोकळे, स्प्रिंग, टर्मिनल, क्लॅम्प, अर्थ तार आणि डिस्कनेक्टर. एलए फुटले की आपण चकत्यांना दोष देतो. पण चकती कितीही चांगली असली तरी तिच्या वरखालचे जोड कच्चे असतील तर ती रोहित्राला वाचवू शकत नाही.

मराठीत आकाशातली आणि तारेतली, दोन्ही वीजच. शेजारच्या कन्नडमध्ये लखलखते ती 'मिंचु' आणि कोसळते ती 'सिडिलु'. एलएचा संबंध या दुसरीशी. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळीव भरून येतो तेव्हा वीज थेट तारेवरच पडावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी तारेत हजारो व्होल्टचा लोट उठतो आणि तो रोहित्राकडे धावतो. ऐन उन्हाळ्यात टीसी जळाला की पंप बंद आणि ऊस वाळायला लागतो, म्हणून हे छोटे साधन इथल्या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचे आहे.

११ केव्ही (११ हजार व्होल्ट) वाहिनीच्या प्रत्येक तारेचा जमिनीशी दाब सुमारे ६.३५ केव्ही असतो. तिथे सहसा ९ केव्हीचे एलए लावतात, तर ३३ केव्हीला ३० केव्हीचे. आतली चकती झिंक ऑक्साइडचे बारीक कण भाजून केलेली असते. कणाकणांमधल्या प्रत्येक सीमेवर सुमारे ३ व्होल्टपर्यंत प्रवाह अडतो, त्यापुढे दाब गेला की वाट एकदम मोकळी होते. त्यामुळे एरवी एलएमधून मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह झिरपतो, आणि लोट येताच तेच हजारो अँपिअर वाहून नेते.

एवढा प्रवाह चकतीच्या पूर्ण तोंडावर सारखा पसरला पाहिजे. त्यासाठी दोन्ही तोंडांवर वितळलेल्या ॲल्युमिनियमचा फवारा मारून थर बसवतात. थर उखडलेला असला किंवा ठोकळ्याचे तोंड सपाट नसले, तर प्रवाह दोन-चार ठिपक्यांतच एकवटतो, तेवढीच जागा तापते आणि चकतीला आरपार छिद्र पडते. चकत्यांची चळत दाबून धरायला स्प्रिंग असते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून लोट नीट जात नाही, म्हणून तिला वळसा घालणारी तांब्याची पट्टी जोडतात. सिलिकॉन रबराच्या एलएमध्ये काचतंतूंची बांधणी ही चळत आवळून धरते आणि रबर थेट तिच्यावरच ओततात. चिनीमातीच्या एलएमध्ये आत पोकळी राहते. वायसर खराब झाला की तिथे ओल शिरते, आणि ओल हा एलएचा मोठा वैरी. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ही गोष्ट विसरून चालत नाही.

बाहेरचा जोड लाइनमनच्या हातात असतो. तार बहुधा पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियमची, टर्मिनल मात्र बऱ्याचदा दुसऱ्या धातूचे. तांबे आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांवर आवळले आणि त्यात पाणी गेले की ॲल्युमिनियम झिजू लागते. तिथे बायमेटल (दोन धातूंचा) क्लॅम्प किंवा कलई केलेला लग हवा. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ, वीज न वाहणारा पापुद्रा धरतो. तो तारेच्या ब्रशने घासून लगेच ग्रीस लावावे आणि मग बोल्ट आवळावा. नुसता जोर लावून आवळल्यास मऊ धातू दबतो आणि काही दिवसांनी जोड पुन्हा ढिला पडतो, म्हणून स्प्रिंग वॉशर.

तारेच्या लांबीकडे सहसा कोणी पाहत नाही. मीटरभर तारेचे प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहातल्या झटपट बदलाला अडवण्याचा गुण, सुमारे १ मायक्रोहेन्री धरतात. १० हजार अँपिअर ८ मायक्रोसेकंदांत चढले तर दर मीटरला सुमारे सव्वा हजार व्होल्ट वाढतात, आणि खऱ्या विजेचा चढ याहूनही तीव्र असू शकतो. हा दाब एलएच्या स्वतःच्या दाबात मिळून रोहित्रावर येतो. म्हणून एलए बुशिंगच्या, म्हणजे रोहित्राच्या टाकीत तार आत नेणाऱ्या विद्युतरोधी नळीच्या, शक्य तितके जवळ असावे, तार सरळ असावी आणि उरलेल्या तारेचे वेटोळे करून ठेवू नये.

जमिनीकडचा जोडही तितकाच मोलाचा. खानापूरच्या पश्चिमेकडचा जांभा कोरडा पडला की वीज सहजी घेत नाही. चिकोडी-अथणीकडची काळी जमीन ओली असताना चांगली, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि सळईभोवतीची माती सुटते. वळवाच्या आधीच अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून जोड तपासणे हिताचे. अर्थ तार रोहित्राच्या टाकीलाही आखूड वाटेने जोडलेली असली, तर खड्ड्यातल्या विरोधाचा भार बुशिंगवर पडत नाही.

एलएच्या खालच्या टोकाला डिस्कनेक्टर असतो. चकत्या निकामी होऊन वाहिनीचा प्रवाह सतत वाहू लागला की त्यातले छोटे काडतूस तापून फुटते आणि अर्थ तार सुटून लोंबकळते. खालून पाहणाऱ्यालाही कळते की हे एलए गेले. तार मोकळी सुटावी म्हणून तिथे लवचीक तार लावतात. जाड जस्तलेपित पट्टी घट्ट बसवली तर काडतूस फुटूनही जोड तुटत नाही. सुटलेली तार पुन्हा बांधू नये, कारण बिघडलेल्या एलएमधून वाहिनी थेट जमिनीला टेकते आणि फीडर (उपकेंद्रातून निघणारी ती वाहिनी) पुन्हा बंद पडतो. एलए बदलेपर्यंत त्या तारेवर रोहित्राला आडोसा नसतो, आणि वळवाच्या दिवसांत पुढची वीज त्याच संध्याकाळी येऊ शकते.