‘पूर्व प्रौढावस्था’ नेमकी कोणती?

मानसशास्त्राच्या मराठी क्रमिक पुस्तकांत विशी ते चाळिशी या टप्प्याला ‘पूर्व प्रौढावस्था’ म्हणतात. फळ्यावर हा शब्द लिहिला की दरवर्षी कोणीतरी विचारतेच, ‘म्हणजे प्रौढ व्हायच्या आधीची का?’ प्रश्न रास्त आहे. ‘पूर्वप्राथमिक’ म्हणजे प्राथमिकच्या आधीचे, ‘पूर्वार्ध’ म्हणजे मात्र पहिला अर्धा भाग. इथे अर्थ पूर्वार्धासारखा घ्यायचा असतो, पण ते शब्दावरून कळत नाही.

‘प्रौढ’ हा शब्दही सरळ नाही. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा वयोगट १५ ते ३५ होता. प्रौढ मताधिकार आधी २१व्या वर्षी मिळे, १९८९ पासून १८व्या वर्षी मिळू लागला. म्हणजे सरकारदरबारी पंधरा वर्षांचा मुलगा शिकायला प्रौढ, पण मत द्यायला नाही. घरात तर बावीस वर्षांच्या मुलीला कोणी प्रौढ म्हणणार नाही. लग्नाच्या जाहिरातीत ‘प्रौढ’ वाचले की लग्न बरेच लांबलेले आहे, एवढेच आपण समजतो. सिद्धान्त शिकण्याआधीच विद्यार्थी इथे अडकतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

सिद्धान्तांच्या इतिहासात या वयाकडे लक्ष उशिराच गेले. १९०४ च्या एका गाजलेल्या अमेरिकन ग्रंथाने कुमारवय थेट २४व्या वर्षापर्यंत ताणले होते. १९५० साली आयुष्याच्या आठ टप्प्यांची मांडणी आली आणि सहावा टप्पा तरुणांच्या वाट्याला आला: जवळीक विरुद्ध एकटेपण. आपल्याकडच्या नोट्समध्ये जवळीक म्हणजे लग्न असे उरकून टाकतात. मूळ मांडणीत मैत्री आणि खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्यांचे नातेही त्यात होते.

मग १९७८ सालचा एक अभ्यास. चाळीस अमेरिकन पुरुष, वय ३५ ते ४५, चार व्यवसायांतले प्रत्येकी दहा: कारखान्यातले कामगार, कंपन्यांतले अधिकारी, विद्यापीठांतले जीवशास्त्रज्ञ आणि कादंबरीकार. त्यांच्या दीर्घ मुलाखतींवरून आयुष्याचे ‘ऋतू’ ठरवले गेले. २२ ते २८ प्रौढांच्या जगात प्रवेश, २८ ते ३३ तिशीचे संक्रमण, ३३ ते ४० स्थिरावणे. यातला बराचसा भाग त्या पुरुषांनी आठवून सांगितलेला होता, ही गोष्ट मला नेहमी खटकते. बायकांवरचे पुस्तक यायला १९९६ उजाडले, तोवर मूळ संशोधक हयात नव्हते.

खरा वाद २००० सालचा. १८ ते २५ हा स्वतंत्र टप्पा मानावा, असा प्रस्ताव एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडला. त्यामागे साधी लोकसंख्येची गोष्ट होती. अमेरिकेत १९५० साली पहिल्या लग्नाचे मध्यक वय पुरुषांचे २२.८ आणि स्त्रियांचे २०.३ होते, २००० पर्यंत ते २६.८ आणि २५.१ झाले. शिक्षण लांबले, नोकऱ्या बदलू लागल्या. ‘तुम्ही प्रौढ झालात असे वाटते का?’ या प्रश्नाला या वयातल्या निम्म्याहून अधिक जणांचे उत्तर होते, काही बाबतींत हो, काही बाबतींत नाही. प्रौढपणाची त्यांची कसोटीही लग्नाची नव्हती. स्वतःची जबाबदारी घेणे, स्वतःचे निर्णय घेणे आणि स्वतःच्या पैशावर उभे राहणे, या तीन गोष्टी त्यांनी वर ठेवल्या.

टीकाकार म्हणाले, हा टप्पा नाही, ही ऐपत आहे. ज्याला घरून पैसे येतात त्यालाच चाचपडत बसण्याची चैन परवडते. मला हा आक्षेप मूळ प्रस्तावापेक्षा वजनदार वाटतो, आणि पटवायला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. ऊसतोडीत मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती बहुतेक ‘कोयत्या’ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. एकट्या पोराला उचल मिळणे अवघड, म्हणून त्याचे लग्न लवकर उरकतात. विशीत तो दोन पोरांचा बाप असतो आणि दिवाळीच्या सुमारास फडावर निघतो. त्याच वयाचा दुसरा पुण्यातल्या अभ्यासिकेत खुर्ची धरून ‘अटेम्प्ट’ मोजत असतो. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गालाही ३८ आहे, त्यामुळे त्याला घाई नसते. आता या दोघांना एकाच टप्प्यात कसे बसवायचे? प्रस्तावाच्या बाजूचे म्हणतात, हा टप्पा सगळ्यांना सारखा लागू आहे असा दावा मुळात नव्हताच. पुढे त्यांनीच वरची मर्यादा २९ पर्यंत नेली, तेव्हा मात्र हा बचाव जरा पातळ झाला.

मराठीत या नव्या टप्प्याला ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ म्हणू लागले आहेत. उदयोन्मुख खेळाडू असतो, कवी असतो. त्या शब्दात कौतुक आहे, अधांतरीपणा नाही. वर्गात मी ‘धड ना इकडचे, ना तिकडचे’ म्हणतो आणि पोरांना ते लगेच कळते. पेपरात मात्र ‘उदयोन्मुख’च लिहायला सांगावे लागते, नाहीतर मार्क कापतात.