गाठ गोठवली तर प्रतिकारशक्ती जागी होते का?

सोलापुरात सिव्हिलच्या बाहेर चहाच्या गाड्यावर हे हमखास कानावर पडतं: "गाठीला सुई लावू देऊ नका, कॅन्सर अंगभर पसरतो." या भीतीपायी घरचे बायोप्सी लांबवतात आणि तेवढ्यात कुणीतरी काढ्याची बाटली आणून देतं. किडनीच्या गाठीत सुईच्या वाटेने कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अगदी विरळ आहेत. उलट सुईनेच गाठीतल्या पेशी मारायच्या आणि त्या मेलेल्या पेशींकडून शरीराला कॅन्सरची ओळख पटवायची, असं संशोधन आज चालू आहे.

या उपचाराचं नाव क्रायोअ‍ॅब्लेशन. सीटी स्कॅनवर बघत बघत पाठीकडून किडनीतल्या गाठीत सुई नेतात. सुईच्या टोकाशी दाबाखालचा आर्गॉन वायू एकदम प्रसरण पावतो आणि तापमान उणे १०० अंशांच्याही खाली उतरतं. भोवती बर्फाचा गोळा धरतो. स्कॅनवर तो काळसर दिसतो, म्हणून गाठ पूर्ण झाकली गेली का, हे तिथल्या तिथे कळतं. सुमारे दहा मिनिटं गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन त्यांची आवरणं फाटतात.

खरी गंमत पुढेच आहे. उष्णतेने गाठ जाळली तर तिच्यातली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी मूळ रूप गमावतात. गोठवलेल्या गाठीतून ती बरीचशी शाबूत बाहेर सांडतात. शरीरात पहारा देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी ती उचलतात. या पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिल्या. त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं, पण घोषणेच्या तीनच दिवस आधी ते गेले होते. डेंड्रायटिक पेशी लसिका ग्रंथीत, म्हणजे प्रतिकारपेशींच्या ठाण्यात, जाऊन प्रथिनाचा तुकडा एमएचसी नावाच्या रेणूत बसवून टी-पेशीपुढे, म्हणजे हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशीपुढे, धरते. सोबत डेंड्रायटिक पेशीवरच्या बी-७ या रेणूचा दुसरा संकेत मिळाला तरच टी-पेशी कामाला लागते. नेमका इथे टी-पेशीवरचाच सीटीएलए-४ हा ब्रेक आडवा येतो, कारण बी-७ ला तोच आधी पकडतो. त्यातून सुटून टी-पेशी गाठीपाशी पोचली, तर तिथे पीडी-१ चा ब्रेक. हे ब्रेक सोडवणाऱ्या औषधांच्या उपचाराला इम्युनोथेरपी म्हणतात. त्यामागच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं, अ‍ॅलिसन आणि होंजो यांना.

किडनीच्या कॅन्सरपैकी सुमारे तीन चतुर्थांश क्लिअर सेल (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फिकट, पारदर्शक दिसणाऱ्या) प्रकारचे. उरलेल्यांत पॅपिलरी, क्रोमोफोब आणि सिकलसेल या रक्तदोषाचा वारसा असलेल्या तरुणांना होणारा मेड्युलरी. या दुर्मिळ प्रकारांत रुग्ण थोडे म्हणून चाचण्या थोड्या, आणि इम्युनोथेरपीचा गुणही कमी. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये किडनीचा कॅन्सर पसरलेल्या २९ जणांना सीटीएलए-४ चा ब्रेक सोडवणारं ट्रेमेलिमुमॅब हे औषध दिलं, काहींना क्रायोअ‍ॅब्लेशनच्या जोडीने. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. जोडउपचार घेतलेल्या क्लिअर सेल रुग्णांच्या गाठींत प्रतिकारपेशींची गर्दी झाली, लसिका ग्रंथीसारख्या छोट्या रचनाही दिसल्या. इतर प्रकारांत तसं झालं नाही.

म्हणून "कॅन्सरवर रामबाण बर्फ" असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. तीन-चार सेंटिमीटरपर्यंतच्या किडनीच्या गाठीवर क्रायोअ‍ॅब्लेशन आजही होतं. पसरलेल्या दुर्मिळ कॅन्सरसाठी हा जोडउपचार मात्र अजून चाचण्यांतच आहे. क्रोमोफोबच्या गाठीत तर मुळात टी-पेशीच फार थोड्या शिरतात, मग नुसता ब्रेक सोडून भागत नाही. त्यांना गाठीपर्यंत आणायचं कसं, हे आधी सोडवावं लागेल.