साताऱ्यात विज्ञान शिक्षक कसा घडत गेला

विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांची सांगड घालणारा शिक्षक हवा, ही कल्पना बी.एड.च्या अभ्यासात बहुधा परदेशी म्हणूनच येते. नावापुरतं ते खरं आहे. १९७० नंतर अमेरिका-ब्रिटनमध्ये ‘एसटीएस’ (सायन्स, टेक्नॉलॉजी, सोसायटी) हे नाव रूढ झालं आणि १९८२ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यावर अधिकृत भूमिकाही मांडली. अण्वस्त्रं, कीटकनाशकं, प्रदूषण यांच्या धास्तीने तिकडे हा विचार पुढे आला होता.

सातारा-सांगली भागात मात्र तो शेतातून आला. किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. नांगर चांगला होता. गाडी अडली होती ती लोकांच्या समजुतीपाशी. १९१० मध्ये हा कारखाना आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीला आला. याच नांगरांचे विक्री प्रतिनिधी म्हणून भाऊराव पाटील काही काळ गावोगाव हिंडले, ओगल्यांच्या काचेच्या मालासाठीही. पुढे कर्मवीर म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केलं. नावातला ‘रूरल’ शब्द शोभेचा नव्हता, कारण ‘कमवा आणि शिका’ हीच संस्थेची रीत होती. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाची, मांडणी झाली, त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. नांगर विकलेल्या माणसाने शिक्षक घडवायला घ्यावेत, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही.

स्वातंत्र्यानंतर साताऱ्यात १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आलं. पण राज्यभरच अध्यापक महाविद्यालयांचा भर हळूहळू सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचा छोट्या पाठातून सराव), आशययुक्त अध्यापन (विषयाचा आशय आणि शिकवण्याची पद्धत यांची सांगड) आणि पाठ टाचणांवर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यांवर गेला. शिकवण्याचं कसब वाढलं, मातीचा संबंध पातळ झाला.

आणि हे होत असताना जिल्ह्यातच केवढा मोठा धडा समोर होता! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरणाच्या जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभरचे भूवैज्ञानिक आजही कोयनेचं नाव घेतात. या भूकंपांच्या अभ्यासासाठी अलीकडे गोठणे गावी सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवरही घेतलं गेलं. वीज, खडक, विस्थापन, सरकारी निर्णय हे सगळं या एकाच पाठात बसतं.

देशपातळीवर १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला, १९७६ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन राज्यघटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत आला. आपल्याकडे नववी-दहावीच्या पुस्तकाचं नावच आता ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ आहे; दहावीच्या दुसऱ्या भागात सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन हे स्वतंत्र पाठ आहेत. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि छात्राध्यापकाला, म्हणजे बी.एड. करणाऱ्या विद्यार्थ्याला, शाळेत सरावासाठी वीस आठवडे मिळू लागले. टाचणात उद्दिष्टं, साहित्य, फलकलेखन यांना रकाने असतात. धरणाचं पाणी कुणाच्या शेतात गेलं आणि घर कुणाचं बुडालं, हे विचारायला मात्र अजून रकाना नाही.