माझदा, रोटरी आणि तेराशे सीसीचा घोळ: थोडी पार्श्वभूमी

माझदा या जपानी कार कंपनीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे रोटरी इंजिन (वर-खाली होणाऱ्या पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरवून चालणारं), आणि दुसरी म्हणजे "तेराशे सीसीत अडीचशे घोडे काढले राव". दुसऱ्या वाक्यात बराच घोळ आहे, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय. रोटरी म्हणजे काय, त्रिकोणी रोटर कसा फिरतो वगैरे बेसिक सोडून देतोय, ते ॲनिमेशन बहुतेकांनी बघितलेलं असतं.

सुरुवातीचा काळ पटकन उरकतो. १९२० साली हिरोशिमात कॉर्क म्हणजे बुचं बनवणारी कंपनी म्हणून सुरुवात, मग मशीन टूल्स, १९३१ पासून तीनचाकी मालवाहू गाडी, युद्धात रायफली. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा मध्ये हिजियामा टेकडी आल्यामुळे कारखाना बऱ्यापैकी शाबूत राहिला आणि पुढे जवळजवळ वर्षभर प्रीफेक्चरचं, म्हणजे तिथल्या प्रांताचं, सरकारी कामकाज त्याच आवारातून चाललं. वर्ष संपायच्या आत तीनचाकी परत बनायला लागली होती. शहर उभं राहत होतं, माल वाहायला काहीतरी लागत होतंच, आणि कंपनीचं पोट या तीनचाकीनेच भरलं. आजही त्या गावात कंपनी म्हणजे नुसती नोकरी देणारी जागा नाही, तिथल्या बेसबॉल टीमच्या नावातला 'तोयो' हा शब्दसुद्धा कंपनीच्या जुन्या नावातून, तोयो कोग्योमधून आलेला आहे.

खरी गोष्ट सुरू होते १९६० च्या आसपास. तेव्हा कंपनीने नुकतीच छोटी आर३६० कूपे काढली होती, आणि तिकडे टोकियोत सरकारी पातळीवर विचार चालला होता की देशात एवढ्या कार कंपन्या कशाला, दोन-तीन मोठे गट ठेवू आणि बाकीच्यांना त्यांच्यात विलीन करू. हिरोशिमासारख्या लांबच्या गावातली, तीनचाकीवाली म्हणून ओळखली जाणारी कंपनी अशा वेळी कोणाच्या तरी पोटात जाणार हे उघड होतं. संस्थापकाचा मुलगा तेव्हा अध्यक्ष होता, त्याने ठरवलं की आपल्याकडे असं काहीतरी पाहिजे जे दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि तो जर्मनीत एनएसयू कंपनीकडे जाऊन रोटरीच्या लायसन्सचा करार करून आला. म्हणजे रोटरी घेतली ती इंजिनावरच्या प्रेमापोटी नाही, विलीनीकरणातून सुटायला घेतली. प्रेम नंतर आलं.

करार झाला आणि मग कळलं की विकत घेतलेलं इंजिन चालतच नाही. रोटरच्या तिन्ही टोकांना ज्या सील असतात त्या आतल्या भिंतीवर थरथरत घासायच्या आणि क्रोमच्या थरावर लाटांसारखे ओरखडे पाडायच्या, काही तासांत इंजिन खलास. तिथले इंजिनिअर त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. १९६३ ला ४७ जणांचं वेगळं खातं काढलं (४७ हा आकडा जपानी माणसाला लगेच ४७ रोनिनांची, म्हणजे धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या गोष्टीतल्या सामुराईंची, आठवण करून देतो, आणि कंपनीनेही ती आठवण पुसायचा कधी प्रयत्न केला नाही). शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या सील वापरून मार्ग निघाला आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. इथे एक दुरुस्ती, ही जगातली पहिली रोटरी कार नव्हे. ती १९६४ ची एनएसयूची स्पायडर, एका रोटरची. कॉस्मो ही दोन रोटरची पहिली. आणि मूळ जर्मन कंपनीचं पुढे काय झालं, तर तिच्या आरओ८० गाडीची इंजिनं एवढी परत यायला लागली की वॉरंटीतच कंबरडं मोडलं आणि १९६९ ला ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

आता सीसीचा घोळ.

कॉस्मोच्या कागदावर ९८२ सीसी लिहिलेलं होतं, म्हणजे ४९१ गुणिले दोन रोटर. नंतरचं प्रसिद्ध १३बी इंजिन ६५४ गुणिले दोन म्हणजे १३०८ सीसी. पण हे ४९१ किंवा ६५४ म्हणजे रोटरच्या *एका* बाजूचा चेंबर. रोटरला बाजू आहेत तीन आणि तिन्ही काम करतात. मग बाकीच्या दोन का मोजायच्या नाहीत? कंपनीचं म्हणणं असं की शाफ्टच्या (रोटर ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या) एका फेऱ्यात प्रत्येक रोटर एकदाच हवा ओढतो, त्यामुळे दोन रोटर मिळून एका फेऱ्यात १३०८ सीसी, झालं. यात चूक काही नाही. पण आपलं नेहमीचं फोर स्ट्रोक पिस्टन इंजिन एका फेऱ्यात स्वतःच्या सीसीच्या निम्मीच हवा ओढतं, पूर्ण सीसी भरायला त्याला दोन फेरे लागतात. तो हिशोब लावला तर १३बी हे २६१६ सीसीच्या पिस्टन इंजिनाएवढं काम करतंय. आणि कोणी म्हणालं की मला तिन्ही बाजू मोजायच्यात, रोटर स्वतःभोवती एकदा पूर्ण फिरू दे (तोवर शाफ्टचे तीन फेरे होतात), तर उत्तर येतं ३९२४ सीसी. एकच इंजिन, तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

यातला कुठला आकडा धरायचा हे मग तंत्रज्ञानाने नाही तर कागदाने ठरवलं. जपानच्या कर खात्याने दीडपट धरायची असं ठरवलं, ती कशावरून तर मधला मार्ग म्हणून, मला तरी त्यात दुसरं लॉजिक दिसत नाही. १३०८ ची दीडपट १९६२, म्हणजे दोन लिटरच्या आत, म्हणजे दीड ते दोन लिटरवाल्या वार्षिक कराच्या टप्प्यात गाडी व्यवस्थित बसली. मोटरस्पोर्टच्या नियमावल्यांनी बऱ्याचदा दुप्पट धरली. ब्रोशरमध्ये मात्र कायम १.३ लिटरच राहिलं, कारण "१.३ लिटर, २५५ पीएस" (पीएस म्हणजे घोड्यांचंच माप) हे वाचायला जेवढं भारी वाटतं तेवढं "२.६ लिटर ट्विन टर्बो, २५५ पीएस" वाटत नाही, उलट दुसरं वाचून माणूस म्हणेल बरं आहे, ठीक आहे. माझ्या मते या गाड्यांच्या दंतकथेत निम्मा वाटा त्या एका आकड्याचा आहे. पेट्रोल मात्र इंजिन कधीच १३०० सीसीसारखं प्यायलं नाही, ते आपलं २६०० च्या हिशोबाने पीत राहिलं, आणि तिथेच कंपनी गोत्यात आली.

१९७३. त्या वर्षीच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत हवा जोरात होती, धुराचे जे नियम १९७५ ला लागू व्हायचे होते ते रोटरीने आधीच पास करून दाखवले होते, होंडानंतर दुसरा नंबर. पण पास कसे केले तर जास्त पेट्रोलचं मिश्रण द्यायचं आणि जे जळायचं राहिलं ते इंजिनाबाहेर थर्मल रिॲक्टरमध्ये परत जाळायचं. धूर स्वच्छ, टाकी रिकामी. तिथल्या सरकारी चाचणीत शहरातलं मायलेज आलं गॅलनला १०-११ मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटर धरा. कंपनीने आरडाओरडा केला की चाचणीची पद्धतच चुकीची आहे, आमची गाडी याहून बरंच जास्त देते, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेलाचं संकट आलं आणि पंपाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला चाचणीची पद्धत समजावून सांगण्यात काही अर्थ नव्हता. गोदामं न विकलेल्या गाड्यांनी भरली, कंपनी तोट्यात गेली, मुख्य बँकेने आपली माणसं आणून बसवली, कारखान्यातले कामगार हजारोंच्या संख्येने डीलरकडे पाठवून त्यांना दारोदार गाड्या विकायला लावलं, आणि १९७७ च्या शेवटी संस्थापकाच्या नातवाला अध्यक्षपद सोडावं लागलं.

यापुढची गोष्ट नेहमी अशी सांगतात की सगळ्यांनी रोटरी सोडली पण माझदाने सोडली नाही, मायलेज ४० टक्के सुधारलं, १९७८ ला आरएक्स-७ ही रोटरी स्पोर्ट्स कार आणली आणि जिंकले. खोटं नाही ते. पण त्या काळात पगार निघाले ते साध्या पिस्टन इंजिनाच्या गाड्यांवर. १९७७ ची फॅमिलिया, मग १९८० ची फ्रंट व्हील ड्राइव्ह फॅमिलिया, जी बाहेर ३२३ म्हणून विकली गेली आणि जिला जपानचा पहिलावहिला कार ऑफ द इयर मिळाला. शिवाय १९७९ ला फोर्डने सुमारे २५ टक्के हिस्सा घेतला. रोटरी टिकली कारण बाकीच्यांनी तिला पोसलं. ज्याने ते ओरखड्यांचं कोडं सोडवलं तोच इंजिनिअर १९८४ ला कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी कंपनीचं अधिकृत नावही माझदा झालं, त्यामुळे इतिहास कोणत्या बाजूने लिहिला जाणार हे तसं ठरल्यासारखंच होतं.

ल मांचंही, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीचंही, तसंच. १९९१ ला माझदाची ५५ नंबरची रेसिंग कार ७८७बी जिंकली, चार रोटर, ३६२ फेऱ्या, जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय, आणि लगेच "रोटरीला घाबरून बंदी घातली" ही कथा. पण नवे ३.५ लिटर इंजिनांचे नियम आधीच ठरलेले होते, जुन्या गाड्यांना मिळालेली ती मुदतवाढ होती. आणि जग्वार, मर्सिडीज किमान १००० किलो वजनाच्या नियमात धावत असताना माझदाला ८३० किलोची सवलत होती, कारण हे काही जिंकत नाहीत म्हणून कोणी हरकतच घेतली नाही. गाडी २४ तास तक्रार न करता पळाली हे मोठंच, ते कमी होत नाही. पण अर्धी गोष्ट सांगून काय उपयोग.

आपल्याकडे माझदा म्हणजे शाळेची बस. ऐंशीच्या दशकात चार जपानी कंपन्या भारतात छोटे ट्रक घेऊन आल्या, त्यातली एक पंजाबातल्या ट्रॅक्टर कंपनीशी हातमिळवणी करून, तीच स्वराज माझदा. महाराष्ट्रात एक अख्खी पिढी पिवळ्या बसवर हे नाव वाचत शाळेत गेली आणि यांनी ल मां जिंकलंय हे त्यांना इंटरनेट आल्यावर कळलं. पुढे माझदा बाहेर पडली, २०११ ला नावातूनही गेली. कार त्यांनी इथे कधी अधिकृतपणे विकलीच नाही.

जपानात मात्र नव्वदच्या दशकात वेगळंच नाव झालं होतं, 'माझदा नरक'. बबलच्या काळात (ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानात जमिनीचे, शेअरचे भाव फुगले होते तेव्हा) कंपनीने एकदम पाच वेगवेगळ्या ब्रँडची शोरूम काढली, तीच गाडी थोडा चेहरा बदलून इकडे एका नावाने तिकडे दुसऱ्या नावाने, गिऱ्हाईक बुचकळ्यात. बबल फुटल्यावर माल खपवायला प्रचंड डिस्काउंट. नवीन गाडी एवढी स्वस्त मिळतेय म्हटल्यावर जुनीला कोण विचारतो? तीन वर्षांनी विकायला जावं तर बाकीचे डीलर हसण्यासारखा भाव सांगणार, बरा भाव द्यायला तयार फक्त माझदाचाच डीलर, तोही दुसरी माझदा घेणार असाल तरच. एकदा आत गेलात की फिरत राहा. १९९६ ला फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि स्कॉटलंडचा माणूस अध्यक्ष म्हणून बसवला, जपानी कार कंपनीचा पहिला परदेशी अध्यक्ष.

२००८ च्या मंदीत फोर्डलाच पैशाची गरज पडली म्हणून त्यांनी हिस्सा विकायला काढला, आणि कंपनी पुन्हा एकटी. त्यातून आलं स्कायॲक्टिव्ह हे नवं इंजिन तंत्रज्ञान, २०१२ ची सीएक्स-५, पेट्रोल आणि डिझेल दोन्हीत १४:१ कॉम्प्रेशन (म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते तो आकडा). पेट्रोलसाठी हा आकडा खूप वरचा आणि डिझेलसाठी खूप खालचा, म्हणजे दोन्हीकडे उलटी उडी. सोबत धोरण हे की डिस्काउंट बंद. त्याच २०१२ मध्ये तेव्हा उरलेली शेवटची रोटरी कार आरएक्स-८ बंद झाली, युरोपात तर धुराच्या नियमांमुळे आधीच गेली होती. २०२० ला अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या ग्राहक मासिकाने विश्वासार्हतेच्या यादीत माझदाला पहिल्यांदाच एक नंबरवर ठेवलं. टोयोटाबरोबर भागीदारी झाली, दोघांचा मिळून अलाबामात कारखाना उभा राहिला. रोटरी २०२३ ला परत आली पण जनरेटर म्हणून, एमएक्स-३० या गाडीत बॅटरी चार्ज करायला, एकच रोटर. आणि कागदावर काय तर ८३० सीसी, परत एकाच बाजूचे.

आणि मग जून २०२४. टोयोटा, होंडा वगैरेंबरोबर माझदाचंही नाव सर्टिफिकेशनच्या, म्हणजे गाडी विकायला लागणाऱ्या सरकारी मंजुरीच्या चाचण्यांच्या, गडबडीत आलं. दोन मॉडेलच्या चाचणीत इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं होतं, आणि जुन्या दोन मॉडेलच्या क्रॅश टेस्टमध्ये एअरबॅग गाडीच्या सेन्सरने नाही तर टायमर लावून फोडलेली होती. सॉफ्टवेअर बदललेल्या मॉडेलमध्ये रोडस्टर आरएफ होती, कंपनीच्या सगळ्यात लाडक्या गाडीचीच एक आवृत्ती, आणि तिचं शिपमेंट थांबवावं लागलं.